शेगडी न्यायची की नाही

वाद सुरू झाला तो पाच किलोच्या सिलिंडरवरून. कोल्हापुरातल्या एका घरात दिवाळीनंतरच्या सहलीची यादी चालली होती. माणसं चौदा, गाडी सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर, रस्ता आजरा-आंबोलीवरून सावंतवाडी आणि पुढे गोवा. आत्यांच्या यादीत धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तांबड्या रश्श्याचा मसाला, दोन सतरंज्या, एक मोठं पातेलं आणि ते पातेलं चढवायला शेगडी. पुण्याहून आलेल्या भाच्याच्या फोनवर उत्तर गोव्यातल्या एका रिसॉर्टचे फोटो उघडे होते. पोहण्याचा तलाव, नाश्त्याला बुफे, संध्याकाळी गाणी.

"आत्या, बाकी सगळं घे. शेगडी नको."

"का रे? रस्सा नको तुला?"

"रस्सा हवाय. पण बीचवर शेगडी मांडून बसणाऱ्यांत लोकांनी मला धरायला नको."

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, वय अडुसष्ट. भाचा बाणेरला, सॉफ्टवेअर कंपनीत, पस्तिशीतला. दोघांना या लेखापुरतं उभं केलंय, त्यांची वाक्यं मात्र खरी आहेत. सहलीची वर्गणी काढताना ती कुठल्याही मध्यमवर्गीय घरात ऐकू येतात. आणि भाच्याला लाज वाटत होती ती शेगडीची नव्हतीच. हाच भाचा पावसाळ्यात राजमाचीला जाऊन तीन दगडांच्या चुलीवर मॅगी शिजवतो आणि तिचे फोटो टाकतो. चूल हौसेची असली की तो अनुभव, काटकसरीची असली की गबाळेपणा.

कायदा मात्र भाच्याच्या बाजूला होता. गोव्याच्या पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा कायदा 2001 चा. त्यात 2019 साली दुरुस्ती झाली. किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं, बाटल्या फोडणं आणि उघड्यावर स्वयंपाक करणं हे सगळं दंडनीय ठरलं. एकट्याने केलं तर 2,000 रुपये, घोळक्याने केलं तर 10,000. पुढे 2022 च्या अखेरीस पर्यटन खात्याने आणखी एक आदेश काढला आणि दंडाची वरची मर्यादा 50,000 पर्यंत गेली.

"दहा हजार दंड म्हणजे आपल्या दोन खोल्यांचे पैसे गेले," भाच्याने हिशेब मांडला.

"किनाऱ्यावर कोण पेटवतंय? वाटेत कुठंतरी, झाडाखाली."

"वाटेत म्हणजे कुणाच्या तरी बागेत."

"ते असू दे. मला एवढंच सांग, दारू पिऊन बाटली फोडणारा आणि भात शिजवणारी बाई, दोघं एकाच ओळीत कसे बसले?"

हा प्रश्न आत्यांनी सहज विचारला, पण नेमक्या जागी लागला. कारण त्या दोघांना एका ओळीत बसवण्याचं काम कायद्याइतकंच पुढाऱ्यांच्या बोलण्यानेही केलं आहे. 2018 च्या फेब्रुवारीत गोव्याचे तेव्हाचे मंत्री विजय सरदेसाई यांनी राज्यात येणाऱ्या देशी पर्यटकांतल्या काहींना एका कार्यक्रमात चक्क पृथ्वीवरचा गाळ ठरवलं होतं. 2021 साली पर्यटनमंत्री मनोहर आजगावकर यांनी आपल्याला श्रीमंत पर्यटक हवेत असं सांगितलं, आणि नको असलेल्यांची यादी देताना अमली पदार्थ घेणारे आणि बसमध्ये स्वयंपाक करणारे यांची नावं एकाच दमात घेतली. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळीहून येणाऱ्या गाड्या याच दुसऱ्या गटातल्या. 'घाटी' म्हणून हिणवून घेण्याची त्यांना सवय आहे.

भाच्याने माघार घेतली नाही. उलट तो पुढे सरसावला, आणि त्याचं म्हणणं वाऱ्यावर सोडून देण्यासारखं नव्हतं.

"आत्या, मंत्री काय बोलले ते सोड. गोव्याची माणसं किती? पंधरा लाख. 2024 साली तिथं पर्यटक किती गेले? एक कोटीच्या वर. आता आपल्या गल्लीत पंधरा घरं आहेत, तिथं वर्षाला शंभर बिऱ्हाडं येऊन राहिली, नळ वापरला, कचरा टाकला, तर तू काय करशील? त्यात जो स्वतःचा तांदूळ, स्वतःचं तेल घेऊन येतो, झाडाखाली शिजवतो, समुद्रात डुंबतो आणि संध्याकाळी परत जातो, त्याच्याकडनं गावाला मिळतं काय? पार्किंगची पावती. आणि खरकटं."

"खरकटं आम्ही पिशवीत भरून परत आणतो."

"तू आणतेस. मागच्या वर्षी आपल्या शेजारची गाडी थांबली होती, त्यांनी आणलं?"

आत्यांनी शेजाऱ्यांची बाजू घेतली नाही. तारकर्लीला सुरूच्या बनात त्यांनी स्वतः पाहिलं होतं. थर्मोकोलच्या ताटल्या, भाताचे गोळे, कोंबडीची हाडं, त्यावर कुत्री, आणि बाजूला दुसऱ्या गाडीची माणसं नाकाला रुमाल लावून तिथेच सतरंजी अंथरायला जागा शोधत होती.

तरी त्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट राहतेच, आणि ती भाच्याला आकडे सांगून उडवता येत नाही. पातेलंभर भाताच्या चुलीची राख पहिल्या पावसात जाते. डोंगर कापून बांधलेला बंगला जात नाही. गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात 2023 साली 17(2) हे कलम आलं आणि एकेका भूखंडाचा झोन बदलून घेण्याचे अर्ज सुरू झाले. भातशेती, बागायती, झाडीचे उतार यांचं रूपांतर वस्तीच्या जमिनीत होऊ लागलं. गावोगावच्या लोकांनी आणि संस्थांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेलं, आणि 2025 च्या मार्चमध्ये न्यायालयाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले. असे बंगले आजऱ्याहून आलेल्या बसवाल्यांसाठी बांधले जात नाहीत. त्यात सुट्टीचे चार दिवस काढणारा माणूस कचरा रस्त्यावर टाकत नाही, पाणी टँकरने मागवतो, आणि म्हणून तो 'चांगला पर्यटक'. घाण कुणाची दिसते आणि कुणाची दिसत नाही, हा फरक पैशाचा आहे. सरकारला शेगडी पटकन दिसली. डोंगर दिसायला न्यायालयात जावं लागलं.

"मी बंगल्यात कुठं चाललोय?" भाचा वैतागला. "चार दिवस रिसॉर्टला राहूया म्हणतोय. वर्षभर मरमर करतो. रात्री अकराला अमेरिकेचे कॉल. सुट्टी टाकली तरी लॅपटॉप बरोबर. चार दिवस कुणी चहा हातात आणून द्यावा एवढंही मागायचं नाही? मी कमावलीय ही सुट्टी."

"कमावलीस, मान्य. पण रविवार कुणी कमावला?"

"म्हणजे?"

"शनिवार-रविवार जोडून चार दिवस काढतोयस ना? त्यातला रविवार तुझ्या कंपनीनं दिलेला नाही."

चौथीच्या वर्गाला वर्षानुवर्षं शिकवलेल्या बाईंचा हा आवाज होता, आणि विषय त्यांच्या आवडीचा. मुंबईच्या कापडगिरण्यांत एकेकाळी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली कामगारांना संघटित केलं. रविवारी सुट्टी हवी या मागणीच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे केले. मालकांनी दाद दिली नाही. सहा वर्षांनी, 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या, हे आत्या आवर्जून सांगतात. 10 जून 1890 ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार खंडोबाचा वार, हेही एक कारण तेव्हा पुढे केलं गेलं होतं असं सांगतात. साहेबाच्या चर्चला आणि गिरणीकामगाराच्या जेजुरीला एकच वार सोयीचा पडला.

भरपगारी रजा मिळायला आणखी बराच काळ जावा लागला. स्वातंत्र्यानंतर, 1948 च्या कारखाना कायद्याने, वर्षात 240 दिवस भरलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा ठरवून दिली. म्हणजे भाच्याच्या तोंडचा 'कमावली' हा शब्द पूर्णपणे चुकीचा नाही. फक्त कमावणाऱ्यांची रांग त्याला वाटते त्याहून बरीच लांब आहे, आणि तो तिच्या शेवटी उभा आहे.

"म्हणून काय मी गिरणीकामगारांच्या नावानं सतरंजीवर झोपू?"

"तसं नाही रे. पण झोपणाऱ्याला हसू नकोस."

स्वस्तात फिरणाऱ्याला हसण्याची, त्याला घाबरण्याची रीत जुनी आहे आणि कोल्हापूर-गोव्यापुरती नाही. इंग्लंडमध्ये 1841 साली थॉमस कुकने लेस्टरहून लाफबरोला पाचशेच्या आसपास माणसं एक शिलिंगात रेल्वेने नेली. तिथून पुढे सामान्यांच्या सहली वाढत गेल्या. तीनच वर्षांनी विंडरमियरच्या तळ्यापर्यंत रेल्वे नेण्याचा बेत आला, तेव्हा विल्यम वर्ड्‌स्वर्थने वर्तमानपत्रात पत्रं लिहून विरोध केला. कारखान्यातल्या कामगारांचे लोंढे तिथे येतील, आणि निसर्ग पाहण्यासाठी लागणारी नजर त्यांच्यापाशी तयार झालेली नाही, असं त्याचं म्हणणं. 1847 मध्ये रेल्वे आलीच. फ्रान्समध्ये 1936 साली कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, लिओ लाग्रांज या मंत्र्याने त्यांच्यासाठी रेल्वेचं तिकीट चाळीस टक्के कमी केलं, आणि टोप्या घातलेले कामगार पहिल्यांदाच समुद्र बघायला निघाले. किनाऱ्यांवर वर्षानुवर्षं येणाऱ्या श्रीमंतांनी त्या टोप्यांवरून त्यांना शिव्या दिल्या.

आपल्याकडचा दाखला भाच्याच्या अगदी जवळचा आहे. डेक्कन क्वीन ही त्याची लाडकी गाडी. तिची ऑम्लेटं, तिची डायनिंग कार, तिचा वाढदिवस. ही गाडी 1 जून 1930 ला मुंबई-पुणे धावू लागली तेव्हा तिला पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसरा वर्ग नव्हता, म्हणजे त्या काळी रेल्वेने जाणाऱ्या बहुतेक माणसांना या राणीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली. डेक्कन क्वीनला तिसऱ्या वर्गाचे डबे लागले ते जून 1955 मध्ये. 1974 च्या एप्रिलात त्याच तिसऱ्या वर्गाला दुसरा वर्ग म्हणायला सुरुवात झाली. बाकं बदलली नाहीत, पाटी बदलली.

"पंचवीस वर्षं?" भाच्याला हे ठाऊक नव्हतं.

"पंचवीस वर्षं."

आता भाच्याने दुसरी बाजू उघडली. आत्यांची सगळी फिरती तिकिटाच्या सवलतीवर चालते, हे त्याला माहीत होतं. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना सरसकट निम्मं तिकीट झालं. ज्येष्ठ नागरिक म्हणून त्यांना ते आधीपासूनच होतं. आणखी काही वर्षांनी, पंचाहत्तरीनंतर, तिकीटच नाही. त्याआधी नोकरीत असताना रजा प्रवास सवलत. शिवाय एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा पास, चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा, ज्यावर आत्या आणि त्यांच्या मैत्रिणींनी मे महिन्याच्या सुट्ट्यांत औंढा नागनाथापासून मार्लेश्वरापर्यंत महाराष्ट्र पालथा घातला. रात्री मुक्काम ओळखीच्या शिक्षकाच्या शाळेत, वर्गातले बाक भिंतीला सारून.

"हे सगळं कुणाच्या पैशावर, आत्या? आम्ही टॅक्स भरतो त्यावर. आणि वर साधेपणाचा तोरा!"

"तोरा नाही, बाळा. परवडत होतं तेवढं केलं." मग त्यांनी सावकाश विचारलं, "तू चिपीला विमानानं उतरला होतास ना, मित्रांबरोबर? तिकीट केवढ्याला पडलं होतं?"

भाच्याने आकडा सांगितला. स्वस्त पडलं होतं.

"का स्वस्त पडलं?"

चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला. मुंबईहून तिथे जाणारी पहिली विमानसेवा केंद्राच्या उडान योजनेतली होती. ही योजना 2017 मध्ये प्रत्यक्षात आली तेव्हा तासाभराच्या उड्डाणाला निम्म्या आसनांचं भाडं 2,500 रुपयांपर्यंत बांधून दिलं होतं, आणि विमान कंपनीला येणारी तूट सरकारने भरून द्यायची होती. म्हणजे भाच्याची खिडकीजवळची जागाही सवलतीचीच, फक्त तिच्यावर 'अर्धे तिकीट' असा शिक्का नव्हता. आणखी एक: जुन्या करपद्धतीत होता तोवर तो कंपनीकडून प्रवास भत्ता घेऊन त्यावरचा कर वाचवत असे, चार वर्षांत दोन प्रवास, तिकिटं जोडून. आत्यांची सवलत शासनाच्या परिपत्रकातून आली, याची आयकर कायद्यातून. पैसा दोन्हीकडे तिजोरीतलाच. तरी एसटीच्या रांगेत अर्धं तिकीट मागणाऱ्या बाईला 'फुकट्या' म्हणणारे भेटतात, पगाराच्या पावतीवर प्रवास भत्ता दाखवणाऱ्याला तसं म्हणणारा अजून भेटायचा आहे.

भाचा हसला. हरल्यासारखा नाही, डाव रंगल्यासारखा.

"ठीक आहे. सरकारी पैसा दोघांचा. पण एक सांग. पैसे मोजणाऱ्याला जसा माज असतो, तसा न मोजणाऱ्यालाही असतो की नाही?"

माजाचं पहिलं उदाहरण त्यानेच दिलं, तेही आपल्या वर्गाचं. 2017 च्या मे महिन्यात मुंबई-गोवा तेजस एक्स्प्रेस सुरू झाली. सरकते दरवाजे, प्रत्येक आसनासमोर पडदा, ऐकायला हेडफोन. पहिल्याच फेरीनंतर काही हेडफोन गायब आणि काही पडद्यांवर ओरखडे. या गाडीचं तिकीट शताब्दीहूनही महाग. त्यामुळे हे काम 'त्या' लोकांनी केलं असं म्हणायची सोय उरली नाही. तिकीट महाग म्हणजे डबा आपला, अशी समजूत असली की माणूस हेडफोनही आपलेच समजतो.

"आता तुमचं," भाचा म्हणाला. "मागं मालवणच्या खाणावळीत काय केलंत आठवतं?"

आत्यांना आठवत होतं. घरगुती खाणावळ, सहा टेबलं. दुपारचा दीड. चौदा जणांनी चार टेबलं धरली, सहा चहा सांगितले आणि पिशव्यांतून डबे काढले. मालकीणबाई दारात उभ्या. त्या काही बोलल्या नाहीत. पाहुण्यांना उठा म्हणणं तिकडच्या रीतीत बसत नाही. बाहेर एक जोडपं सुरमईची थाळी खायला थांबलं होतं, ते पाच मिनिटं थांबून निघून गेलं. आत्यांनी वर वाटीभर मीठही मागून घेतलं होतं.

"चहाचे पैसे दिले की," आत्या म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

"सहा चहाचे. आणि गाडीत बसल्यावर तूच म्हणालीस, 'थाळीचे साडेचारशे म्हणजे लूट आहे.' तिचं पोट तीन-चार महिन्यांच्या सीझनवर, आत्या. पावसात सगळं बंद. साधी राहणी तुझी, तिची किंमत तिनं का द्यायची?"

साध्या प्रवासाबद्दल लिहिणारे ही बाजू सहसा वगळतात. काटकसर करणाऱ्याला आपण कुणाचं काही घेत नाही असं मनापासून वाटत असतं. पण दुसऱ्याच्या वेळेवर, जागेवर, भिडेवर केलेली बचत तिथल्या वहीत खर्च म्हणून लागतेच. आरक्षणाच्या डब्यात 'जरा सरकून घ्या, पुढच्याच स्टेशनाला उतरायचंय' म्हणत पनवेलपासून रत्नागिरी गाठणारा, भक्तनिवासातल्या खोलीत तिघांची नोंद करून सात जण झोपवणारा, धाब्यावर फुकटचा कांदा तिसऱ्यांदा मागणारा, यांच्याकडे पैसे कमी असतील, हक्काची भावना मात्र रिसॉर्टवाल्याइतकीच तगडी असते. या एका मुद्द्यावर भाचा उजवा ठरला आणि आत्यांनी ते कबूलही केलं, त्यांच्या पद्धतीने: "या खेपेला जेऊ तिथं. पण साडेचारशे जास्तच आहेत."

एवढ्यात मागच्या दारी भांडी घासणाऱ्या मावशींनी हाक दिली. चार दिवस घर बंद राहणार, तर येऊ का नको, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"नको येऊ," आत्या म्हणाल्या. "चार दिवस खाडे धरू."

मावशी बरं म्हणून गेल्या. भाचा आत्यांकडे बघत राहिला.

"खाडे?"

"का? कामच नाही तर..."

"सुट्टी आपण घेतोय. पगार त्यांचा कापतोय. तुला मे महिन्यात पूर्ण पगार मिळायचा ना? शाळा बंद, तरी?"

आत्या गप्प झाल्या आणि मग चिडल्या. दिवाळीला साडी देते, पोराच्या फीला उसने दिले ते मागितले नाहीत, ताप आला तर गोळ्या आणून देते, असं त्या बोलत गेल्या. सगळं खरं होतं. पण उपकार आपल्या मर्जीने करता येतात आणि मर्जीने थांबवताही येतात. रजेचं तसं नसतं. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी 2008 साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्याने नोंदणी आली, काही मदतीच्या योजना आल्या. कुठल्या घरात किती भरपगारी सुट्ट्या, हे मात्र त्या त्या घरावरच राहिलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2011 मध्ये घरकामगारांच्या हक्कांचा 189 क्रमांकाचा करार केला, त्यात आठवड्याला सलग चोवीस तासांची विश्रांती आहे. भारताने तेव्हा त्याच्या बाजूने मत दिलं, पण अजून तो स्वीकारलेला नाही. लोखंड्यांच्या रविवारला सव्वाशेच्या वर वर्षं झाली. तो अजून मोरीपर्यंत पोचलेला नाही.

"आणि तुमच्याकडं पुण्यात?" आत्यांनी उलट विचारलं. "थायलंडला गेला होतात तेव्हा पोळ्यांच्या बाईंना आठ दिवसांचा पगार दिला?"

भाच्याने आठवून पाहिलं. हिशेब बायकोकडे असतो, असं तो म्हणाला.

"हो का."

या विषयावर दोघांनाही पुढे बोलायचं नव्हतं. आत्यांनी खिडकीतून मावशींना हाक मारून सांगितलं, "खाडे नाही गं धरत. पण सोमवारी सकाळी लवकर ये, वाळूचे कपडे असतील." रजा दिली, आणि तिला अटही जोडली. वरच्या साहेबाने भाच्याला रजा देताना नेमकं हेच केलं होतं.

मुक्कामाचा वाद मात्र राहिलाच होता. भाच्याने रिसॉर्टला फोन लावला. चौदा माणसं, पाच खोल्या, दर अमुक. मग त्याने ड्रायव्हरचं विचारलं. पलीकडून उत्तर आलं की ड्रायव्हरची सोय नाही, गाडी बाहेर लावायची आणि त्याला आत सोडत नाहीत.

"मग तो झोपतो कुठं?" आत्यांनी विचारलं.

"गाडीत. सगळे तसंच करतात."

सगळे तसंच करतात, हे खरं आहे. पर्यटनाच्या गावी रात्री फिरून पाहिलं तर हॉटेलांच्या भिंतीबाहेर ओळीने गाड्या दिसतात, काचा बोटभर खाली, आत सीट मागे टाकून निजलेला माणूस, डॅशबोर्डवर मच्छर अगरबत्ती. आंघोळ सकाळी पेट्रोल पंपावर. तमिळनाडू सरकारने 2023 मध्ये इमारतींच्या नियमांत बदल करून हॉटेलांना आणि लॉजना पाहुण्यांच्या ड्रायव्हरसाठी झोपायची जागा आणि स्वच्छतागृह देणं बंधनकारक केलं. उटी-कोडाईकनालच्या घाटांत रात्रभर न झोपलेला माणूस सकाळी गाडी चालवतो, हा साधा धोका त्यामागे होता.

आत्यांनी वेंगुर्ल्याच्या एका घरगुती निवासाचा नंबर काढला. तिथे सहावी खोली छोटी होती, पंख्याची, ड्रायव्हरला चालेल अशी. जेवण मालकीणबाईंच्या हातचं. गोवा तिथून तासाभरावर. भाच्याने तलाव नाही म्हणून कुरकुर केली, मग समुद्र आहे हे आठवून थांबला. ड्रायव्हरला बोलवून आत्यांनी अभिमानाने सांगितलं, "तुमची वेगळी खोली घेतलीय, दादा."

ड्रायव्हरने टोपी काढून डोकं खाजवलं. "खोली कशाला मावशी? केवढ्याची आहे?"

"आठशेची."

"मग ते आठशे हातात द्या. मी गाडीतच पडतो, सवय आहे."

आत्यांना हे एकदम पटलं. पैसे वाचवायची ही तऱ्हा त्यांच्याच घराण्यातली. भाच्याला अजिबात पटलं नाही. परतीचा घाट, बरोबर लहान मुलं, दोन्हीकडे दाट धुकं, आणि हे झोपणार गाडीत. तो आत्यांना म्हणाला, पैसे देऊ नकोस, खोलीच दे. आत्या म्हणाल्या, त्याचे पैसे, त्याची मर्जी. भाचा म्हणाला, मर्जी कसली, आपण चौदा जण त्याच्या झोपेवर बसणार आहोत. दोघांनी एकदम ड्रायव्हरकडे पाहिलं.

"असं करा," तो म्हणाला, "खोली पण द्या आणि नाइट हॉल्टचा भत्ता पण द्या. झोपतो नीट."